पासबुक भरून घ्या!



गेल्या वर्षी रात्री आमच्या हिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" मला आठवेना, फाईल घरी कपाटात!

मग आम्ही दोघांचे १४ अंकी 'आभा' क्रमांक काढले. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झालं. क्रमांक ऐच्छिक आहे. रिपोर्ट मूळ दवाखान्याकडेच राहतात. आपल्या संमतीशिवाय दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाहीत. बँकेत सहीशिवाय पैसे नाहीत, तसंच.

पण दवाखान्याची तिथे नोंदणी हवी, सॉफ्टवेअर जोडलेलं हवं. नाहीतर आपला क्रमांक म्हणजे कोरं पासबुक! म्हणून आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. आणि तोवर ॲलर्जीची चिठ्ठी खिशात ठेवा.