यकृतातील गाठ आणि तिचे मूळ गाव



यकृतात गाठ आढळली की दोन समज हमखास पुढे येतात. रुग्ण दारू पीत असला पाहिजे, हा पहिला. आणि आता उपाय उरला नाही, हा दुसरा. सातारा-सांगली भागात दारूला कधीही न शिवलेल्या माउलीवरही असा संशय घेतला जातो. हे दोन्ही समज दूर होणे आवश्यक आहे.

यकृतातील प्रत्येक कर्करोग यकृतात जन्मलेला नसतो. आतडे, जठर व स्वादुपिंड येथील रक्त प्रतिहारी शिरेवाटे प्रथम यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या वाटेने येतो. मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी या प्रवाहाबरोबर येऊन यकृतात रुजतात. स्तन व फुप्फुस यांतील पेशी रक्ताभिसरणातून तेथे पोहोचतात.

वाळव्याच्या शेतातील तणाचे बी कृष्णेच्या पाण्याबरोबर पलूसच्या मळ्यात रुजले, तरी त्या तणाची जात बदलत नाही. तद्वत स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला, तरी तो स्तनाचाच कर्करोग राहतो आणि त्यावर औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच द्यावी लागतात. म्हणूनच सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर डॉक्टर सी. टी. स्कॅन करतात व गाठीचा तुकडा तपासतात. त्यामुळे रोगाचे मूळ शोधता येते. तुकडा काढल्याने रोग भडकतो, या भीतीने ही तपासणी टाळणे म्हणजे उपचारांची वाट स्वतःच बंद करणे होय.

असा प्रसार झाल्यावर रोग बहुधा समूळ जात नाही, हे सत्य लपवू नये. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगात यकृतातील गाठी मोजक्या असल्यास निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने त्या काढता येतात व काही रुग्ण पूर्ण बरेही होतात. निरोगी यकृताचा उरलेला भाग पुन्हा वाढतो. इतरांना औषधांनी आयुष्य व आराम लाभू शकतो. वेदनाशमन हा तर प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे.

खरा घात होतो तो विलंबाने. शौचातून रक्त जाते, ते मूळव्याध समजून अंगावर काढले जाते. स्तनातील गाठ संकोचापोटी लपविली जाते. पुढे अन्नावरची वासना उडते, वजन घटते, उजव्या बरगडीखाली जडपणा येतो, डोळे पिवळे होतात. आणि मग कावीळ उतरविणाऱ्याकडे धाव घेतली जाते. प्रत्येक कावीळ कर्करोगाची नसते, हे खरे. परंतु प्रत्येक कावीळ डॉक्टरांनी तपासलीच पाहिजे.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासून या परिसराला वैद्यकीय सेवेची परंपरा आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी झाली. अशा नोंदणीतही रोग मूळ अवयवाच्या नावे नोंदविला जातो. २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचा शब्द गावात मानला जातो. घरी आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला त्यांनी योजनेची माहिती द्यावी, तपासणीस धीर द्यावा आणि रुग्णाच्या वाट्याला नाहक बोल येऊ देऊ नये. गाठीचे मूळ वेळीच सापडले, तरच उपचारांना योग्य दिशा मिळेल.