कंट्रोलरला क्लोरीन दिसत नाही

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय पोहण्याच्या तलावाचं पाणी. एप्रिल-मे आला की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर, पोहण्याचे उन्हाळी वर्ग सुरू होतात. रिसॉर्टचे तलावही भरतात. हल्ली बऱ्याच पंपघरांत भिंतीवर एक डबा दिसतो, ऑटोमॅटिक कंट्रोलर. त्याच्यावर दोन आकडे असतात, पीएच आणि ओआरपी. विकणारा सांगतो, "आता बघायलाच नको." मी सॉफ्टवेअरवाला. असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न, सेन्सर नेमकं मोजतोय काय?

तर ओआरपीचा प्रोब क्लोरीन मोजत नाही. त्याच्या टोकाला प्लॅटिनम असतं आणि पाण्याची ऑक्सिडेशनची ताकद तो मिलिव्होल्टमध्ये सांगतो. आपण समजा ७०० ची मर्यादा लावली. आकडा खाली गेला की डोसिंग पंप हायपो सोडतो. पीएच वर गेला की दुसरा पंप ॲसिड सोडतो. एवढंच.

यात पीएच महत्त्वाचा का? पाण्यातला क्लोरीन दोन रूपांत असतो. जंतू मारण्याचं खरं काम हायपोक्लोरस ॲसिड करतं. पीएच ७.५ ला ते साधारण निम्मं असतं, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे क्लोरीन तेवढाच, पण पीएच अर्ध्याने वाढला की ताकद निम्मी.

आता आपलं पाणी बघा. खाली बेसॉल्ट, वर उसाचा कालव्याचा पट्टा. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा भागातल्या बोअरचं पाणी किती क्षारयुक्त, ते घरच्या गिझरला विचारा. अल्कलिनिटी तलावात ८० ते १२० पीपीएम असावी. बोअरच्या पाण्यात ३०० सापडली तर नवल नाही. असं पाणी उघड्यावर आलं की सोड्याच्या बाटलीसारखा त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. कंट्रोलर ॲसिड सोडतो, पीएच उतरतो, उद्या परत चढतो. एका ठिकाणचा लॉग मला बघायला मिळाला. ॲसिडचा पंप रोज तासन् तास चालत होता, आणि सगळ्यांना वाटत होतं पंपच खराब आहे. पंप ठणठणीत होता. अल्कलिनिटी कुणी मोजलीच नव्हती, कारण ती डब्यावर दिसत नाही.

ती एकदा हाताने उतरवावी लागते. २५ बाय साडेबारा मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल तलाव म्हणजे सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर. त्यात १०० पीपीएम उतरवायला बाजारातलं ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड जवळजवळ ९० लिटर लागतं. तेही एकदम नाही. तलाव बंद ठेवून, थोडं थोडं, काही दिवसांत.

दुसरी न दिसणारी गोष्ट सायन्युरिक ॲसिड. हायपोचा कॅन उन्हात राहिला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून लोक ट्रायक्लोरच्या गोळ्या टाकतात. सोपं पडतं. पण त्या गोळीतून १० पीपीएम क्लोरीन मिळाला की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. क्लोरीन उडून जातो, हे साठत राहतं. रोजचे २ पीपीएम धरले तर दोन महिन्यांत ७० च्या वर! थोडं असलं तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. जास्त झालं की क्लोरीनला धरून ठेवतं, ओआरपी पडतो आणि अलार्म वाजायला लागतो.

मग काय होतं? कुणीतरी ७०० ची मर्यादा ६०० करतं. अलार्म गप्प. पाणी मात्र तेवढंच कमकुवत, आणि त्यात पहिल्यांदा पोहायला आलेली सात-आठ वर्षांची पोरं तोंडात पाणी घेतायत.

सायन्युरिक ॲसिडवर साधा उपाय एकच, पाणी बदलणं. निम्मं करायचं तर निम्मा तलाव सोडून द्यायचा. आपल्या हिशोबाने दहा हजार लिटरचे बावीस टँकर. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात गावं टँकरची वाट बघतात, तिथे हे कुठल्या तोंडाने मागायचं? म्हणून गोळ्यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वीज जाते-येते किंवा मुख्य पंप ट्रिप होतो. पाणी थांबलं, पण डोसिंग पंप वेगळ्या लाइनवर असतील तर ते चालूच राहतात. पाइपमध्ये हायपो आणि ॲसिड एकत्र येतात आणि क्लोरीन वायू तयार होतो. पंप परत सुरू झाला की तो थेट पोहणाऱ्यांमध्ये. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक तलावावर हेच घडलं होतं. यावर इलाज म्हणजे फ्लो स्विच, पाणी वाहत नसेल तर डोसिंग बंद. शिवाय डोसिंगचा पुरवठा मुख्य पंपाच्या स्टार्टरमधूनच घ्यायचा. दोन्ही हवेत, कारण फ्लो स्विच क्षाराने अडकतो. आणि दिवसाला जास्तीत जास्त किती डोस, ही मर्यादा कंट्रोलरमध्ये भरायचीच.

तर कंट्रोलर घ्या, जरूर घ्या. रात्री तीन वाजता माणूस डोस देणार नाही, तो देईल. पण भिंतीवर एक वहीही टांगा. रोज टेस्ट किटने फ्री क्लोरीन आणि पीएच, आठवड्याला अल्कलिनिटी, महिन्याला हार्डनेस आणि सायन्युरिक ॲसिड. महिन्यातून एकदा प्रोब साफ करून पीएचचा प्रोब ७ आणि ४ च्या बफरमध्ये तपासा. आणि एकदा तलाव रिकामा असताना मुख्य पंप मुद्दाम बंद करून बघा, डोसिंग थांबतं का. दोन मिनिटांचं काम आहे.

मुलांना क्लासला घालणाऱ्या आई-बाबांनीही ती वही मागून बघावी. नुसती आहे का नाही बघू नका, शेवटची तारीख कुठली ते बघा.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.