स्वल्पविरामाचा हिशेब

मांजरसुंब्यासारख्या बालाघाटावरील गांवीं पावसाचा हिशेब म्हणजे घरच्या धान्याचाच हिशेब. निवृत्तीनंतर मीं अंगणांत पर्जन्यमापक बसविला व रोज सकाळीं त्यांतील पाणी मोजून वहींत टिपूं लागलों. गेल्या वर्षीं संख्याशास्त्र शिकणाऱ्या माझ्या नातीनें ही वही व आसपासच्या तीन गांवांच्या तशाच वह्या मागितल्या. आम्हां चौघांनीं आपापली वही संगणकावर उतरवून दिली. दर दिवसाची एक ओळ. ओळींत स्वल्पविरामांनीं वेगळीं केलेलीं चार घरें : तारीख, ठिकाण, पाऊस, शेरा.

चार हातांची ती फाईल तिनें ‘आर’ नांवाच्या आज्ञावलीस दिली. न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठाचे रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनीं निर्मिलेली ही आज्ञावली आज जगभर वापरली जाते. तिनें निमूटपणें फाईल वाचली. मीं मात्र जुन्या मास्तराच्या खोडीनें विचारलें, “बाळ, ओळी किती भरल्या ?”

“चारशें चौऱ्याण्णव, आजोबा.”

जून ते सप्टेंबर दिवस १२२. चार गांवांचे मिळून ४८८. मग हे सहा दिवस आकाशांतून पडले काय ?

शोधतां कारण सांपडलें. ही आज्ञावली पहिल्या पांच ओळी पाहून घरांची संख्या ठरविते. पुढें एखाद्या ओळींत पांचवें घर निघालें, तर ती थांबत नाहीं; तें उचलून नव्या ओळीच्या आरंभीं ठेविते. कोणीं शेऱ्यांत ‘ओढ्यास पूर, पूल पाण्याखालीं’ असें लिहिलें होतें. मीं स्वतः एके ठिकाणीं ‘मांजरसुंबा, तालुका बीड’ असें लिहून गेलों होतों. त्यामुळें तालुका पावसाच्या घरांत शिरला आणि ७२ मिलिमीटर पाऊस शेऱ्याच्या घरांत गेला ! अक्षरें शिरल्यानें पावसाचा सबंध रकानाच अक्षरांचा ठरला. नातीनें त्याचे बळेंच आंकडे केले. अक्षरांच्या जागीं रिकामें घर उरलें, आणि रिकाम्या घरांत तिनें शून्य भरलें. आपल्या राज्यांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टि. शिवारांत पाणी उभें होतें, आणि कागदावर तो दिवस कोरडा !

उपाय सोपा आहे. मूळ फाईल जशीच्या तशी राखून नकलेवर काम करावें. ‘काउंट फील्ड्स’ या आज्ञेनें प्रत्येक ओळींतील घरें आधीं मोजावीं, आणि संख्या जुळत नाहीं ती ओळ वहीशीं ताडून पाहावी. ज्या मजकुरांत स्वल्पविराम असेल तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा; २००५ सालच्या ‘आरएफसी ४१८०’ या टिपणांतही हाच संकेत सांगितला आहे. आम्हीं तसें केलें, आणि ओळी बरोबर ४८८ भरल्या.

राहिला प्रश्न शून्याचा. शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं. रिकामें घर म्हणजे आपणांस ठाऊक नाहीं. शाळेच्या हजेरीपटांत गैरहजेरीची खूण व सुटीची खूण आम्हीं कधीं एक केली नाहीं. दुष्काळी मुलखांत तर हा भेद विसरणें परवडणार नाहीं. यंत्र चुकलें नव्हतें, श्रोतेहो. स्वल्पविराम माझा होता आणि शून्य नातीचें. म्हणून सरासरी काढण्यापूर्वीं ओळी मोजा, एवढेंच या म्हाताऱ्या मास्तराचें सांगणें.