झाकणाच्या आतला कागद

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. जाहीर झालेला विषय : ‘घरातला जुना ॲम्प्लिफायर – दुरुस्त करावा की बदलावा?’)



विषयाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. ज्याचं सर्किट, म्हणजे आतल्या जोडणीचा नकाशा, मिळतं तो ॲम्प्लिफायर दुरुस्त करावा. ज्याचं मिळत नाही, त्याच्या बाबतीत देवाचं नाव घ्यावं. झालं व्याख्यान. (हशा) पण संयोजकांनी तासाभराचा चहा सांगून ठेवलाय, म्हणून पुढे बोलतो.

पूर्वपीठिकेत जात नाही. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मोनोचा स्टिरिओ झाला. सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज ही नावं या सभागृहाला सांगायची गरज नाही. पहिल्या तीन रांगांतल्या निम्म्या मंडळींच्या घरी यातलं एखादं धूड अजून असेल. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती. (हशा) हसू नका. त्या रुमालाने झाकणाची भोकं बुजतात आणि आतली उष्णता आतच राहते.

आता उष्णतेचं ऐका. ॲम्प्लिफायर सगळाच्या सगळा म्हातारा होत नाही. ट्रान्सफॉर्मर पन्नास वर्षं टिकतो. धातूच्या टोपीतले ते तीस पंचावन्न नंबरचे ट्रान्झिस्टर नीट थंड राहिले तर वर्षानुवर्षं चालतात. म्हातारा होतो तो कंडेन्सर. ॲल्युमिनियमच्या डब्यात पट्टीची गुंडाळी, गुंडाळीतल्या कागदात द्रव, बुडाशी रबराचं बूच. द्रव हळूहळू उडून जातो. डब्यावर ८५ अंश किंवा १०५ अंश छापलेलं असतं. समजा, ८५ अंशांना २००० तासांचं आयुष्य आहे. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ४५ अंशांना ३२,००० तास. रोज तीन तास गाणी ऐकलीत तर जवळजवळ २९ वर्षं! तोच कंडेन्सर हीटसिंकला चिकटून ६५ अंशांत बसला तर ८००० तास, म्हणजे सात-सव्वासात वर्षं. एकाच पेटीत एक भाऊ तरुण, दुसरा म्हातारा. ‘मशीनचं वय झालं’ असं कुणी म्हणालं की विचारा, कुठल्या भागाचं?

(या वेळी सभागृहातील ध्वनिक्षेपकातून हमिंग सुरू झाले.)

वा! माझा सहायक वेळेवर आला. (हशा) माइकवाले दादा, बंद करू नका, दोन मिनिटं राहू द्या. संगीतवाल्यांनी कान द्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची. वायरच्या शील्डमध्ये किंवा अर्थिंगमध्ये घोटाळा असेल तर बहुतेक ५०चा खर्ज ऐकू येतो. पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर सुकला असेल तर १००चा, म्हणजे बरोबर एक सप्तक वरचा स्वर. कारण डायोडच्या पुलावरून विजेच्या दोन्ही लाटा एकाच बाजूला वळतात आणि संख्या दुप्पट होते. आता व्हॉल्यूमचं बटण फिरवून बघा. हमिंग कमी-जास्त झालं तर दोष बटणाच्या अलीकडे. तसंच राहिलं तर पलीकडे. दादा, फिरवा... कमी झालं. म्हणजे तुमचा कंडेन्सर निर्दोष, वायर दोषी. दादा म्हणतायत, वायर मंडळाची आहे. मंडळाने नोंद घ्यावी. (हशा, टाळ्या)

हे सगळं अंदाजाने सांगता येतं. पण अंदाज कुठवर पुरतो ते सांगतो. थोडक्यात सांगतो.

आमच्या वाड्यात एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी, जपानी ॲम्प्लिफायर. एका डिसेंबरात त्याने आवाज काढणं बंद केलं. दिवा लागायचा, पण आत रिले ‘टक्’ करतो ना, तो करायचाच नाही. दुपारी खिडकीतून ऊन आलं की टक्, आणि गाणं सुरू. मास्तर म्हणाले, सूर्यावर चालणारा ॲम्प्लिफायर मीच पहिल्यांदा घेतला. पहिल्या दुकानाने रिले बदलला. मशीन रिक्षातून तापून, हादरे खाऊन गेलेलं, तिथे ते झकास वाजलं. घरी आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बंद. दुसऱ्या दुकानाने आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर बदलले. पुन्हा तेच. तिसऱ्याने झाकण न उघडताच सांगितलं, ‘काका, नवीन घ्या. याचे पार्ट येत नाहीत.’ मास्तरीणबाईंनी तोवर जागाही मोकळी करून ठेवली होती. तिथे त्यांना शिलाई मशीन हवं होतं. (हशा) मास्तर माझ्याकडे आले ते दुरुस्तीसाठी नव्हेच, शिलाई मशीन थोपवण्यासाठी. मी विचारलं, याचे कागद आहेत का? तर पोस्टातला माणूस, त्याने वीस वर्षांची वीजबिलंसुद्धा तारीखवार दोऱ्यात ओवलेली. त्यांत गॅरंटी कार्डाच्या पोटात आठ घड्यांचं सर्किट निघालं. जमिनीवर पसरलं तेव्हा मास्तरीणबाईंना स्वयंपाकघरात जायला वाट उरली नाही. त्यावर प्रत्येक ठिकाणी किती व्होल्ट हवेत तेही छापलेलं. उजवीकडे आउटपुटला शून्य हवं, शून्य होतं. डावीकडे शून्य हवं, मीटर दाखवी ३८. तेवढी डीसी स्पीकरवर गेली तर स्पीकर जळेल, म्हणून रिले जोडणी करत नव्हता. तो आपलं काम चोख करत होता आणि पहिल्या दुकानात बळी त्याचाच गेला! कागदावर बोट ठेवून मागे मागे गेलो. फीडबॅकचा एक रेझिस्टर, त्याला ड्राय सोल्डर. थंडीत सुटायचा, उन्हात टेकायचा. सोल्डरिंग गनचा एक ठिपका, काम संपलं. शिलाई मशीनही शेवटी आलंच, पण ते बाल्कनीत. (हशा)

किती वाजले? अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. थोडक्यात म्हणालो होतो खरं.

पुढच्या रांगेत आपल्या गावचे दोन दुकानदार बसलेत, त्यांचे चेहरे मला दिसतायत. मी धंद्यावर उठलेलो नाही. उलट मी तुमचा वकील आहे. सर्किट हातात नसताना तुम्ही करणार तरी काय? रिपोर्ट न दाखवता सर्जनला पोट उघडायला लावण्यासारखं आहे ते. पूर्वी अनेक रेडिओंच्या पुस्तिकेत सर्किट असे, काहींच्या झाकणाच्या आतच चिकटवलेलं असे. तो कागद काढून घेतला आणि ‘बदला’ हा निर्णय कारखान्यातच होऊन गेला. आपण इथे नुसते विषयाला प्रश्नचिन्ह लावतोय.

सरकार काही करत नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदाच केला. त्याच्या यादीत कपडे धुण्याची यंत्रं, फ्रिज, फोन आहेत, ॲम्प्लिफायर नाही. माझं मागणं साधं आहे : वीज लागणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर तिचं सर्किट द्या. कंपनीचं गुपित फुटेल म्हणतात. प्रतिस्पर्धी कंपनी तुमची पेटी पहिल्याच दिवशी उघडून बघते हो! गुपित राहतं ते फक्त गिऱ्हाइकापासून. (टाळ्या)

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे. विषयावर या.’ (हशा) येतो.

नुसती खरखर असेल आणि ती बटण फिरवताना येत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. मशीन बदलू नका. व्हॉल्यूमचं बटण फिरवूनही हमिंग तसंच राहत असेल तर कंडेन्सर बदला, व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त, कमी कधीच नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर दोनदा विचार करा. आत एसटीकेचा मोठा काळा आयसी असेल आणि तो गेला असेल तर चारदा, कारण बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत, दिसायला हुबेहूब. नव्या छोट्या पेटीत सगळं एकाच बोर्डावर आणि सर्किट नाही, तर हट्ट करू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा सिरीज बोर्डावर, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं. भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मागून कुणी तरी विचारतंय, ‘ब्लूटूथ स्पीकर काय वाईट?’ वाईट काही नाही. तो बिघडल्यावर माझ्याकडे आणा, आपण दोघं मिळून त्याचं झाकण शोधू. (हशा)

नवीन काही घ्यायला गेलात तर दुकानात एवढंच विचारा, ‘याचं सर्किट मिळेल का?’ नाही म्हणतील. तरी विचारा. धन्यवाद...

थांबा, थांबा, बसा. एक राहिलं आणि तेच आधी सांगायला हवं होतं. प्लग काढला म्हणून लगेच आत हात घालू नका. मोठ्या कंडेन्सरमध्ये नंतरही चार्ज राहतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणग्या काढू नका. त्याच्या दोन टोकांना बल्ब लावून तो उतरवा, मीटरने शून्य बघा, मग हात लावा.