गोधडीचा टाका, आजीच्या मर्जीचा
(मासिक मेळाव्यातील मनोगत)



आज गटातल्या साठी ओलांडलेल्या सदस्यांविषयी बोलते. गुडघे दुखतात म्हणून खुरपणीला जाणं कमी झालं, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. जुनं लुगडं, धोतर, नातवंडांचे कपडे जमवायचे, ओसरीवर थर अंथरायचे आणि कडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. घाई नाही. शेजारीण येते, चार टाके घालते, मनातलं बोलते. हे सुख मोठं आहे.

आता गोधडीला शहरातनं मागणी येते. ऑर्डर जरूर घ्या. पण "पंधरा दिवसांत दहा देतो" असं आजीला न विचारता कबूल करू नका. भाव ठरवताना कापड-दोऱ्यासोबत तिचे दिवसही मोजा. "घरीच तर बसलीय" म्हणून मजुरी सोडू नका. पैसे तिच्याच खात्यात जमा करा.

आणि एखादी गोधडी ती नातीसाठी शिवत असेल, तर तिची किंमत काढू नका. शेजारी बसा, सुईत दोरा ओवून द्या.