लाखभराची दुर्बीण तपासायची कशी? एका ताऱ्यावर!

आजचा भाग एका प्रश्नावर आहे, जो मला सतत विचारला जातो. "दादा, चार इंची एपीओ घेतोय, बजेट लाखाच्या वर जातंय. भिंग खरंच चांगलं आहे हे ओळखायचं कसं?"

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्यात ढग आले की संपलंच. म्हणून माझा पहिला सल्ला : पावसाळ्यात महागडी दुर्बीण मागवू नका.

आता एपीओ म्हणजे काय? साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झालर दिसते, कारण सगळे रंग एकाच जागी फोकस होत नाहीत. ईडी किंवा फ्लोराइटसारखी खास काच वापरून ती झालर जवळजवळ घालवतात. आपण पैसे मोजतो ते याचे.

काही कंपन्या सोबत चाचणीचा कागद देतात. त्यावर 'स्ट्रेल' नावाचा आकडा असतो. १ म्हणजे परिपूर्ण, ०.८० म्हणजे चांगल्याची किमान पातळी. आकडा वाचा, पण तो अनेकदा एकाच रंगाच्या प्रकाशात मोजलेला असतो. बाकीच्या रंगांचं काय, ते त्यातून कळत नाही. ते आकाशातच बघायचं.

तपासणीच्या रात्री दुर्बीण आधी पाऊण तास बाहेर ठेवा. भिंग बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला हवं, नाहीतर चांगलं भिंगही खराब दिसतं. आणि दमट हवेत, म्हणजे मुंबई-कोकणात, एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेलीत तर काचेवर दव धरेल.

तारा कोणता घ्यायचा? परदेशी व्हिडिओत सांगतात, ध्रुवतारा घ्या, तो जागचा हलत नाही. पण पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. तिथे आपण हवेच्या जाड थरातून बघतो आणि तारा उकळत्या पाण्यात असल्यासारखा थरथरतो. त्यापेक्षा डोक्यावरचा तारा घ्या. मे महिन्यात रात्री दहा-अकराला स्वाती, हिवाळ्यात रोहिणी. मोटर नसेल तर तारा सरकत राहील, तेवढं सांभाळा.

दीडशे ते दोनशे पट मोठं करून बघा. फोकसला मधे छोटा गोल ठिपका आणि भोवती एखादं पुसट वर्तुळ दिसलं पाहिजे. मग फोकस थोडा आत न्या, नंतर तेवढाच बाहेर. दोन्हीकडे वर्तुळं साधारण सारखी दिसली तर भिंग उत्तम. एकीकडे ठसठशीत आणि दुसरीकडे धुरकट असतील तर गोलीय दोष आहे. वर्तुळं त्रिकोणी दिसली तर भिंग चौकटीत आवळलं गेलंय. लांबट दिसली आणि फोकसच्या पलीकडे तो लांबटपणा काटकोनात फिरला, तर दृष्टिवैषम्य. पण थांबा! आधी डोकं तिरकं करून बघा. लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर दोष तुमच्या डोळ्यात आहे. आयपीस बदला, डायगोनल काढूनही बघा. स्वस्त डायगोनलमुळे बिचाऱ्या भिंगावर आळ येतो.

रंगासाठी अभिजित घ्या. निळसर-पांढरा आहे, झालर असेल तर लपत नाही. त्याच्या शेजारीच एप्सिलॉन लायरी आहे. बायनॉक्युलरमधून ते दोन तारे दिसतात, पण प्रत्येक तारा पुन्हा जोडतारा आहे, अंतर सव्वादोन विकलांच्या आसपास. चांगल्या चार इंचीतून, हवा शांत असेल तर, चारही वेगळे दिसायलाच हवेत.

फोन आयपीसला लावून काढलेल्या फोटोवरून मात्र निर्णय घेऊ नका. फोन स्वतःच फोटो शार्प करतो.

शेवटचं. ही चाचणी फार कडक आहे. आत-बाहेर किंचित फरक मी चांगल्या दुर्बिणींतही बघितलाय, तेवढ्यावरून परत पाठवू नका. पण तोच दोष दोन-तीन रात्री, वेगळ्या आयपीसने, दुसऱ्याच्या डोळ्यालाही दिसला, तर वर्तुळांचं चित्र काढा आणि मुदतीच्या आत विक्रेत्याला पाठवा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

तुमच्या दुर्बिणीत काय दिसलं, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!