रब्बीची पेरणी



चाळिशी उलटली की आपल्या खेड्यापाड्यांतून एक वाक्य हटकून ऐकू येते. ‘आता आमचं काय राहिलंय? पोरांनी करायचं, आम्ही बघायचं.’ कुणी हे खेदाने म्हणतो, कुणी समाधानाने. पण म्हणणाऱ्याने आपल्याच हाताने दार लावून घेतलेले असते, एवढे खरे. हे दार ज्यांनी लावून घेतले नाही, अशा दोन माणसांची हकीकत मी आज सांगणार आहे. दोघेही कोकणातले, आणि एकमेकांच्या नात्यातले.

पहिले महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८ सालचा, बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. सतराव्या वर्षी परीक्षेला बसायचे म्हणून हा मुलगा सोबत्यांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट! आणि तिथे काय व्हावे? वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मॅट्रिक झाले तेही तेविसाव्या वर्षी. म्हणजे या माणसाची सुरुवातच उशिराची.

१८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. महिला विद्यापीठ स्थापले १९१६ मध्ये, तेव्हा वय अठ्ठावन्न. बहुतेक नोकरदार या वयात पेन्शनीचा हिशेब मांडू लागतात. आणि १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केले. कशासाठी? तर ज्या गावांत शाळाच नाही, तिथे शाळा निघावी म्हणून. त्यासाठी हा वृद्ध गृहस्थ पुण्यात दारोदार फिरून वर्गणी गोळा करीत असे. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ साली, वयाची १०४ वर्षे पुरी केल्यावर ते गेले.

कुणी म्हणेल, ‘अहो, ते महर्षी! आमची काय गोष्ट?’ म्हणून दुसरी हकीकत सांगतो. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेहुणी. जन्म १८७०, माहेर देवरुखचे. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात लहान मुलगा. अक्षरओळख नव्हती. पुढे पुण्यास बहिणीकडे आल्या आणि सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास लिहावाचायला शिकल्या. मग हिंगण्याच्या आश्रमात कामाला लागल्या, तिथला कारभार सांभाळला. गावोगाव फिरून, सभेत उभ्या राहून आश्रमासाठी वर्गणी मागितली. पण इंग्रजी शिकायचे राहून गेले होते. त्यासाठी १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बाई एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे परक्याच्या घरी घरकाम करून पोट भरले, आणि भाषा शिकल्या. १९२८ साली त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. जिला सव्विशीपर्यंत स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिने पुस्तक लिहिले!

आता शेतकरी मंडळींना एक विचारतो. शाळू आपण केव्हा पेरता? पावसाळा सरत आला की. मग तो कशावर येतो? जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. उशिरा सुरू केलेल्या कामाचेही असेच आहे. पार्वतीबाई सभेत बोलत, त्यामागे त्यांनी स्वतः भोगलेली वर्षे होती. कर्व्यांनी खेड्यातल्या शाळांचे काम हाती घेतले, त्यामागे साताऱ्याची ती पायपीट होती, पन्नास वर्षांचा अनुभव होता. विशीतल्या मुलाजवळ ही ओल कुठून असणार? मात्र ओल आहे म्हणून पीक आपोआप येत नाही. पेरावे लागते, आणि वाफसा आहे तोवर पेरावे लागते.

गुरुजनहो, आपल्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. पार्वतीबाईंना कुणीतरी पहिले अक्षर गिरवायला शिकवले, म्हणून पुढचे सारे घडले. प्रौढ माणसाला कष्टाची भीती नसते. त्याला भीती असते ती हसे होण्याची. नातवाच्या वयाच्या मुलांदेखत पाटी धरायची त्याला लाज वाटते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा ही लाज कशी मोडली? साऱ्या गावाने ग्रामदैवतापुढे एकत्र शपथ घेतली, प्राथमिक शिक्षकांनी वर्ग चालवले, आणि गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ साजरा केला. सगळेच शिकू लागले की हसणार कोण?

तेव्हा आपल्या गावात कुणी पन्नाशीची बाई सही शिकू म्हणाली, कुणी साठीचा गडी हिशेबाची वही स्वतः लिहू म्हणाला, तर ‘आता या वयात?’ असे म्हणू नका. घरच्यांनी रोज अर्धा तास त्यांना मोकळा करून द्यावा. गुरुजींनी शाळा सुटल्यावर, मुले घरी गेल्यावर, त्यांना निवांत बसवावे. पहिल्या आठवड्यात त्यांचे स्वतःचे नाव लिहून घ्यावे. अंगठा उमटवणारा हात ज्या दिवशी सही करतो, त्या दिवशी त्या घरातले ‘आमचं काय राहिलंय’ हे वाक्य संपते.